बाटलीतली औषधी रोपे आणि मिठाचा ताण: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

औषधी वनस्पतींच्या ऊतीसंवर्धनाविषयी, म्हणजे वनस्पतीचे तुकडे बाटलीतल्या निर्जंतुक पोषक माध्यमात वाढवण्याविषयी, आलेल्या पत्रांपैकी लवणताणासंबंधीची, म्हणजे मिठाच्या ताणासंबंधीची, पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न जोडून घेतले असून पत्रांचा मजकूर संक्षिप्त केला आहे.

प्रश्न: मी वनस्पतिशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. ब्राह्मीच्या शूट कल्चरला (बाटलीत वाढवलेल्या फुटव्यांना) एमएस (मुराशिगे-स्कूग) या पोषक माध्यमातून १०० मिलिमोलर सोडियम क्लोराइड दिले. चार आठवड्यांनी फुटव्यांची संख्या आणि वजन कंट्रोलच्या (मीठ न दिलेल्या संचाच्या) जवळजवळ निम्म्यावर आले. प्रबंधात याला ‘सोडियमची विषबाधा’ असे म्हणता येईल का?

उत्तर: एवढ्या माहितीवरून तसे म्हणता येणार नाही. मीठ वनस्पतीला दोन निरनिराळ्या वाटांनी त्रास देते. पहिली वाट पाण्याची आहे. माध्यमात विरघळलेले कण वाढले की तेथून पाणी ओढून घेणे पेशींना कठीण होते आणि वाढ मंदावते. हा परिणाम तासाभरात दिसू लागतो आणि कण मिठाचे आहेत की साखरेचे, याच्याशी त्याचा संबंध नसतो. दुसरी वाट आयनांची आहे. सोडियम आणि क्लोराइड हळूहळू पेशीत साठतात, पोटॅशियमची जागा अडवतात, विकरांच्या कामात व्यत्यय आणतात आणि काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी जुनी पाने कडेने पिवळी पडून करपतात. ‘विषबाधा’ हा शब्द या दुसऱ्या परिणामासाठी राखून ठेवणे योग्य ठरेल. आपण नोंदवलेली घट या दोहोंची बेरीज आहे आणि तिच्यातला कोणाचा वाटा किती, हे आपल्या प्रयोगातून कळत नाही.

आकडे मांडून पाहिले की अडचण स्पष्ट होते. १०० मिलिमोलर म्हणजे लिटरला ५.८४ ग्रॅम सोडियम क्लोराइड. मिठाच्या प्रत्येक रेणूचे पाण्यात दोन आयन होत असल्यामुळे या द्रावणाची परासरणक्षमता (विरघळलेल्या कणांमुळे पाणी धरून ठेवण्याची ओढ; आकडा जितका ऋण, तितके पाणी ओढून घेणे कठीण) सुमारे −०.४६ मेगापास्कल भरते. एमएस माध्यम मुळातच कोरे नसते. लिटरला ३० ग्रॅम साखर आणि त्याचे स्वतःचे क्षार मिळून त्याची परासरणक्षमता −०.४ ते −०.५ मेगापास्कलच्या आसपास असते. म्हणजे मीठ घालताच पाणी ओढून घेण्यातली अडचण जवळजवळ दुप्पट झाली आणि सोडियमने पेशीत काही बिघडवण्याआधीच वाढ मंदावण्याला पुरेसे कारण मिळाले.

यावर उपाय असा, की त्याच परासरणक्षमतेचे, पण सोडियम नसलेले माध्यम शेजारी ठेवावे. त्यासाठी सामान्यतः मॅनिटॉल वापरतात. १०० मिलिमोलर मिठाच्या तोडीला १८५ ते २०० मिलिमोलर मॅनिटॉल, म्हणजे लिटरला साधारण ३४ ते ३६ ग्रॅम, घालावे लागते. मॅनिटॉलवरच्या फुटव्यांची वाढही निम्म्यावर आली, तर दोष मुख्यतः पाण्याच्या ताणाचा आहे. मॅनिटॉलवर ती ऐंशी टक्के राहिली आणि मिठावर पन्नास टक्क्यांवर आली, तर मधला फरक आयनांच्या खाती टाकता येईल. काही वनस्पतींच्या ऊती मॅनिटॉल थोडेफार शोषून घेतात, एवढी सावधगिरी बाळगावी. ‘पॉलिएथिलीन ग्लायकॉल ६०००’ हे रसायन पेशींत शिरत नाही, म्हणून तात्त्विकदृष्ट्या अधिक निर्दोष आहे, परंतु ते मिसळले की आगर नीट घट्ट होत नाही. त्यासाठी आधी आगर थिजवून त्यावर पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे द्रावण ओतून ते मुरू द्यावे लागते किंवा द्रव माध्यमाचा आश्रय घ्यावा लागतो. याखेरीज १०० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइडचा एक संच ठेवला, तर दोष सोडियमचा की क्लोराइडचा याचाही अंदाज येतो. जास्त पोटॅशियमसुद्धा निरुपद्रवी नसते, हे मात्र निष्कर्ष काढताना विसरू नये.

आणखी एक गोष्ट प्रबंधात अवश्य लिहावी. १९६२ साली मुराशिगे आणि स्कूग यांनी तंबाखूच्या ऊतींसाठी तयार केलेल्या या माध्यमात पोटॅशियम सुमारे २० मिलिमोलर असते, तर सोडियम जवळजवळ नसतेच. लोहासाठी घातलेल्या ईडीटीएच्या सोडियम क्षारातून जे येते, ते ०.२ मिलिमोलरच्या घरात असते. आपल्या बाटलीत मीठ पडताच पोटॅशियमच्या पाचपट सोडियम झाले. पेशीच्या दृष्टीने हे प्रमाण मिठाच्या निव्वळ संहतीइतकेच महत्त्वाचे असते. म्हणून पोटॅशियम वेगळ्या प्रमाणात असलेल्या दुसऱ्या माध्यमावरचे निष्कर्ष आपल्या निष्कर्षांशी थेट ताडून पाहता येत नाहीत.

जाता जाता, पत्रासोबतच्या तक्त्यात आपण ‘एन’ची, म्हणजे स्वतंत्र नमुन्यांच्या संख्येची, किंमत ३० दिली आहे, पण फुटवे सहा बाटल्यांत पाच-पाच लावलेले दिसतात. एका बाटलीतल्या पाच फुटव्यांचे माध्यम एक आणि हवाही एकच असल्यामुळे संख्याशास्त्राच्या दृष्टीने तो एकच नमुना ठरतो. तेव्हा आपला ‘एन’ सहा आहे. परीक्षक हा मुद्दा काढण्यापूर्वी तक्ता दुरुस्त करून घ्यावा.

प्रश्न: प्रयोगशाळेतले सोडियम क्लोराइड संपले असेल, तर स्वयंपाकाचे मीठ चालेल का? त्यातले आयोडीन रोपांना बाधेल का?

उत्तर: चालवू नये, पण त्याचे कारण आयोडीन नव्हे. किलोला ३० मिलिग्रॅम आयोडीन असलेले मीठ १०० मिलिमोलरच्या हिशेबाने घातले, तर लिटरमागे जेमतेम ०.१८ मिलिग्रॅम आयोडीन जाते. एमएस माध्यमात पोटॅशियम आयोडाइडच्या रूपाने सुमारे ०.६३ मिलिग्रॅम आयोडीन आधीच असते. खरी अडचण मीठ मोकळे राहावे म्हणून मिसळलेल्या पदार्थांची आणि मॅग्नेशियम, कॅल्शियम, सल्फेट यांच्या अनिश्चित अंशांची आहे. पुढच्या पुडीत तेच प्रमाण असेल याची शाश्वती नसल्यामुळे प्रयोग पुन्हा करून पाहण्याजोगा राहत नाही. विश्लेषणात्मक दर्जाचे सोडियम क्लोराइड घ्यावे, ते घातल्यानंतर पीएच ५.८ ला जुळवावा आणि मगच ऑटोक्लेव्ह करावे.

घट्टपणासाठी आगरऐवजी जेलन गम वापरत असाल, तर त्याची जेली धनायनांवर अवलंबून असते, हेही ध्यानात घ्यावे. मिठाची मात्रा वाढेल तसा तिचा घट्टपणा बदलतो आणि त्याबरोबर रोपाला मिळणारे पाणीही बदलते. ताणाच्या प्रयोगात असा छुपा फरक नको असेल, तर आगर बरे.

प्रश्न: आमच्या अश्वगंधेच्या कॅलसमध्ये (अवयव नसलेल्या पेशींच्या गोळ्यात) मिठाच्या वाढत्या मात्रेबरोबर प्रोलीन हे अमिनो आम्ल तिपटीने वाढले. यावरून आमचा कॅलस लवणसहिष्णू, म्हणजे मीठ सोसणारा, आहे असा दावा करता येईल का?

उत्तर: प्रोलीन वाढले म्हणजे ताण जाणवला, इतकेच निश्चित आहे. ताण सोसणाऱ्या ऊतीत ते वाढते आणि ताणाने कोलमडत चाललेल्या ऊतीतही वाढते. एकाच जातीच्या दोन वाणांची तुलना करताना कधी सहिष्णू वाणात ते अधिक सापडते, कधी संवेदनशील वाणात. प्रोलीन पेशीद्रवातली परासरणक्षमता सावरते आणि प्रथिनांना आधार देते, हे खरे आहे, परंतु सहिष्णुतेचा पुरावा वाढीतच शोधावा लागतो. मिठावर कॅलसचे कोरडे वजन किती टिकले, पेशी जिवंत किती राहिल्या, आणि साध्या माध्यमावर परत नेल्यावर तो पुन्हा वाढू लागला का, हे आधी दाखवावे.

तिपटीचा आकडाही तपासून घ्यावा. निनहायड्रिनच्या पद्धतीत टोल्यूइनच्या थरात उतरलेला लाल रंग ५२० नॅनोमीटरवर मोजतात आणि उत्तर बहुतेक वेळा ओल्या वजनाच्या ग्रॅममागे मांडतात. समजा, कंट्रोलच्या कॅलसमध्ये ९२ टक्के पाणी आहे आणि मिठावरच्या कॅलसमध्ये ८८ टक्के. म्हणजे ग्रॅमभर ओल्या ऊतीतला कोरडा अंश ८ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर गेला. प्रोलीनचा एकही नवा रेणू तयार न होता ओल्या वजनामागचा आकडा दीडपट होईल. तेव्हा आपल्या तिपटीतली दीडपट कदाचित नुसती पाणी कमी झाल्याची असेल. आकडे कोरड्या वजनावर पुन्हा काढावेत आणि शक्य असेल तर त्याच नमुन्यांत फ्लेम फोटोमीटरवर सोडियम व पोटॅशियमही मोजावे. सहिष्णुतेबद्दल बोलायचे असेल, तर ऊतीने पोटॅशियम किती राखले, हा आकडा प्रोलीनपेक्षा अधिक बोलका असतो.

प्रश्न: औषधी वनस्पतींना मिठाचा ताण दिला की त्यांतले औषधी घटक वाढतात, असे अनेक ठिकाणी वाचले. आम्ही ऊतीसंवर्धनाचा लहान उद्योग सुरू करीत आहोत. माध्यमात थोडे मीठ घालून घटकांचे प्रमाण वाढवणे व्यवहार्य आहे का?

उत्तर: या विषयावरचे जे लिखाण वाचनात येते, त्यात आम्हाला सर्वाधिक खटकणारी गोष्ट हीच आहे, म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देत आहोत.

मूळ निरीक्षण खोटे नाही. ताणाखाली हरितद्रव्याच्या आणि श्वसनाच्या यंत्रणेतून क्रियाशील ऑक्सिजन अधिक निर्माण होतो आणि त्याला आवर घालण्यासाठी वनस्पती फिनॉलवर्गीय संयुगे, फ्लेव्होनॉइड इत्यादींची निर्मिती वाढवतात. वाढ थांबली तरी कार्बन उरतो आणि तोही या दुय्यम संयुगांकडे वळतो. सदाफुलीच्या मुळांतील अजमॅलिसिन, आर्टेमिसिया ॲनुआतील आर्टेमिसिनिन यांचे प्रमाण सौम्य लवणताणात वाढल्याचे प्रयोग प्रसिद्ध आहेत. मात्र प्रत्येक वनस्पतीत, प्रत्येक संयुगाच्या बाबतीत आणि मिठाच्या प्रत्येक मात्रेवर असे घडते, असा नियम त्यातून निघत नाही. सौम्य मात्रेवर वाढलेले संयुग मात्रा आणखी वाढवताच घसरल्याचेही वारंवार दिसते.

उद्योगाच्या दृष्टीने खरा प्रश्न वेगळा आहे. ‘प्रमाण’ म्हणजे ग्रॅममागे किती मिलिग्रॅम. आपल्या हाती पडते ते ‘उत्पादन’, म्हणजे हे प्रमाण गुणिले एकूण कोरडे वजन. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. साध्या माध्यमावर एका बाटलीतून एक ग्रॅम कोरडा माल मिळतो आणि त्यात ग्रॅमला ५ मिलिग्रॅम औषधी घटक आहे. मिठावर ग्रॅमला ७ मिलिग्रॅम मिळाले, म्हणजे ४० टक्के वाढ झाली, आणि शोधनिबंधाच्या शीर्षकात हाच आकडा झळकेल. परंतु मिठावर माल ०.६ ग्रॅमच आला असेल, तर बाटलीमागे घटक ४.२ मिलिग्रॅमच मिळाला. चाळीस टक्के वाढ जाहीर झाली आणि सोळा टक्के तोटा पदरात पडला. ज्या निबंधात प्रमाणाचा आलेख आहे, पण कोरड्या वजनाचा तक्ता नाही, तो निबंध उद्योगासाठी बाजूला ठेवलेला बरा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

शिवाय मिठावर वाढलेल्या मालाचे कोरडे वजन पूर्णपणे वनस्पतीचे नसते. ऊतीतल्या पाण्यात १५० मिलिमोलर मीठ साठले असेल आणि ऊतीत ८८ टक्के पाणी असेल, तर कोरड्या वजनाचा सुमारे सहा टक्के भाग निव्वळ मीठ असतो. औषधी द्रव्यांच्या मानकांत एकूण राखेची कमाल मर्यादा ठरवलेली असते आणि हे मीठ त्या राखेत मोजले जाते. घटकाचे प्रमाण उत्तम, पण राख मर्यादेबाहेर, असा माल कच्चे द्रव्य म्हणून नाकारला जाऊ शकतो. अर्क काढून शुद्ध संयुगच विकायचे असेल, तर ही अडचण उरत नाही.

मग मिठाचा उपयोगच नाही का? आहे, पण वाढ आणि निर्मिती या दोन पायऱ्या वेगळ्या केल्या तर. ही कल्पना जुनी आहे. १९८३ च्या सुमारास जपानमध्ये लिथोस्पर्मम या वनस्पतीच्या पेशींपासून शिकोनिन हे तांबडे रंगद्रव्य व्यापारी प्रमाणावर तयार होऊ लागले, तेव्हा पेशी आधी वाढीच्या माध्यमात वाढवून नंतर निर्मितीच्या वेगळ्या माध्यमात नेल्या जात. तेथे मिठाचा संबंध नव्हता, परंतु तत्त्व हेच होते. त्याच धर्तीवर कल्चर पूर्ण वाढू द्यावे आणि काढणीपूर्वी काही दिवसच ५० मिलिमोलरसारख्या सौम्य मात्रेचे माध्यम द्यावे. वजन तोपर्यंत कमावलेले असते, त्यामुळे ताणाने वाढ थांबली तरी फारसे बिघडत नाही. द्रव माध्यमातल्या पेशी, शूट किंवा केशमुळे (‘हेअरी रूट’ कल्चर) यांच्या बाबतीत हे सोपे असते, कारण माध्यम बदलता येते. आगरवरच्या कल्चरला मध्येच मीठ देण्याची सोय नसते आणि सगळे फुटवे नव्या बाटलीत उचलून ठेवण्याची मजुरी फायद्यावर पाणी फिरवू शकते. काढणीसाठी नेमका दिवस ठरवण्याकरिता ताण दिल्यानंतर दोन-दोन दिवसांनी नमुने काढून बाटलीमागचे उत्पादन मोजावे. प्रमाणाचा आलेख चढत असताना उत्पादनाचा आलेख उतरणीला लागलेला असू शकतो.

प्रश्न: मिठाच्या माध्यमावर टिकून राहिलेले फुटवे निवडून, त्यांची रोपे करून खारपड जमिनीत लावली, तर ती तग धरतील का? तसे असेल तर शेतकऱ्यांसाठी हा फार मोठा लाभ ठरेल.

उत्तर: तग धरतीलच असे नाही. बाटलीतली निवड आणि शेतातली परीक्षा यांत दोन मोठी अंतरे आहेत.

पहिले अंतर शरीररचनेचे. जमिनीतल्या झाडाचा खारेपणाशी पहिला सामना मुळाशी होतो. मुळातली अंतस्त्वचा आयनांना चाळून घेते, आत आलेले सोडियम एसओएस१ सारखी वाहक प्रथिने पुन्हा बाहेर टाकतात आणि उरलेल्यातले बरेचसे पानांपर्यंत जाऊ दिले जात नाही. बाटलीतल्या बिनमुळाच्या फुटव्याचा कापलेला बुडखा थेट माध्यमात रोवलेला असतो. तेथे चाळणीच नाही. म्हणून अशा फुटव्यावर आपण पेशींची सहनशक्ती तपासतो, मुळाची चाळण्याची क्षमता तपासत नाही. उलट बाटलीतली हवा बाष्पाने भरलेली असल्यामुळे बाष्पोत्सर्जन अगदी कमी होते आणि पानांकडे मीठ वाहून नेणारा प्रवाहही क्षीण असतो. शेतात ऊन-वाऱ्यात तोच प्रवाह कितीतरी पटींनी वाढतो. त्यामुळे बाटलीत अधिक सोसले म्हणजे शेतात अधिक सोसेल, असे समीकरण मांडता येत नाही आणि त्याच्या उलटही मांडता येत नाही. खाऱ्या किनाऱ्यावर सहज वाढणाऱ्या काही वनस्पतींचा कॅलस मिठावर सामान्य पिकांच्या कॅलसइतकाच लवकर खचतो. कारण त्यांची ताकद क्षारग्रंथी किंवा मांसल पाने यांसारख्या अवयवांत असते आणि कॅलसला अवयव नसतात.

दुसरे अंतर वारशाचे. पेशी मिठाला सरावतात. तंबाखूच्या पेशी मिठावर सरावल्या असता त्यांच्यात एक विशिष्ट प्रथिन मोठ्या प्रमाणात साठते, असे १९८० च्या दशकात दिसून आले आणि त्याला ऑस्मोटिन हे नाव मिळाले. पण असा सराव म्हणजे जनुकात झालेला बदल नव्हे. मीठ काढून घेतले की अनेक कल्चरची सहनशक्तीही ओसरते. ऊतीसंवर्धनात खरे जनुकीय बदलही होतात. लार्किन आणि स्कोक्रॉफ्ट यांनी १९८१ साली त्यांना ‘सोमाक्लोनल व्हेरिएशन’ हे नाव दिले. तंबाखूत मीठ सोसणाऱ्या पेशींपासून पूर्ण रोपे वाढवण्यातही त्याच सुमारास यश आले होते. अशी रोपे शोधणे अशक्य नाही, पण सराव कोणता आणि बदल कोणता हे वेगळे करावेच लागते.

त्यासाठी निवडलेली ओळ निदान तीन-चार सबकल्चर (ताज्या माध्यमावर स्थलांतरे) मिठाशिवाय वाढवावी आणि मग पुन्हा मिठावर, न निवडलेल्या मूळ ओळीच्या शेजारी, तपासावी. फरक टिकला, तर मुळे फुटवून रोपे कुंडीत न्यावीत. तेथे पर्णरंध्रे नीट मिटू लागेपर्यंत आणि पानांवर मेणचट थर येईपर्यंत गोडे पाणीच द्यावे. बाटलीतून नुकत्याच निघालेल्या रोपाला खारे पाणी दिले, तर ते मिठाने गेले की नुसते सुकून गेले, हे सांगता येत नाही. त्यानंतर खारेपणा पायरीपायरीने वाढवावा. संपृक्त अर्काची विद्युत्वाहकता मीटरला ४ डेसिसीमेन्सच्या वर गेली की मातीला खारपड म्हणतात. ढोबळ हिशेबाने ही पातळी ४० मिलिमोलर मिठाच्या द्रावणाइतकी येते. बाटलीतली १०० मिलिमोलरची परीक्षा त्या मानाने कठोर आहे, आणि म्हणूनच त्या मात्रेवर नापास झालेल्या सगळ्या ओळी टाकून देण्याची घाई करू नये. शेवटची कसोटी बियांपासून वाढलेल्या पुढच्या पिढीची. शाखीय पद्धतीनेच लागवड होणाऱ्या वनस्पतीत मात्र ही कसोटी सोडून, अनेक वेळा कलमे करूनही गुण टिकतो का, एवढे पाहिले तरी चालते. औषधी वनस्पतीच्या बाबतीत घटकांचे विश्लेषणही प्रत्येक टप्प्यावर हवे, कारण खारपड जमिनीत जगलेले, पण औषधी घटक हरवून बसलेले रोप शेतकऱ्याच्या उपयोगाचे नाही.

प्रश्न: मी माध्यमात मीठ घालत नाही, तरी फुटव्यांची खालची पाने पिवळी पडतात आणि शेंडे काळे होतात. एमएस माध्यमच फार क्षारयुक्त आहे का?

उत्तर: एमएस हे तीव्र माध्यम आहे, यात शंका नाही. त्यात एकूण नत्र ६० मिलिमोलर असते आणि त्याचा तिसरा हिस्सा अमोनियमच्या रूपात असतो. अनेक काष्ठवर्गीय वनस्पतींना ते झेपत नाही. परंतु शेंडे काळे पडण्याचे नेहमीचे कारण क्षारांचा अतिरेक नसून शेंड्यापर्यंत कॅल्शियम न पोहोचणे हे असते. कॅल्शियम पाण्याच्या प्रवाहाबरोबर वर जाते आणि घट्ट झाकणाच्या बाटलीत हा प्रवाहच मंद असतो. प्रथम हवा खेळती राहील अशी झाकणे वापरून पाहावीत. एक संच निम्म्या तीव्रतेच्या एमएसवर आणि एक वुडी प्लांट मीडियम या काष्ठवर्गीय वनस्पतींसाठीच्या सौम्य माध्यमावर लावावा आणि सबकल्चर सहाव्या आठवड्यापर्यंत न लांबवता चौथ्यातच करावे. निम्म्या तीव्रतेच्या एमएसवर पानांचा पिवळेपणा नाहीसा झाला आणि शेंडे तरीही काळे होत राहिले, तर ही दोन वेगळी दुखणी आहेत असे समजून कॅल्शियम क्लोराइडची मात्रा ३ वरून ६ मिलिमोलरवर नेऊन पाहावी. ते वेगळे विरघळवून सर्वांत शेवटी घालावे, नाहीतर फॉस्फेटबरोबर त्याचा साका बसतो.